‘सुदैवाने’ कुणी केलं?

आगीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ तळवड्यात ते लिहिता आलं नाही. ८ डिसेंबर २०२३ला दुपारी, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याला आग लागली. सहा जीव तिथेच गेले, भाजलेल्यांपैकी आणखी काही नंतर रुग्णालयात. बहुतेक सगळ्या बायका. मग त्याच शब्दाचं भावंड छापून आलं, ‘दुर्दैवी घटना’.

मैत्रिणींनो, मला या शब्दाशी भांडायचं आहे. ‘सुदैवाने’मधला ‘ने’ तृतीयेचा. ‘विळीने चिरलं’, ‘मालकाने काढून टाकलं’ यातलाच. म्हणजे कुणी केलं, कशाने झालं, हे सांगायची ती जागा. तिथे दैव बसवलं की मालक, ठेकेदार, महापालिका, कारखाना निरीक्षक सगळे सुटले. पाऊस वेळेवर आला तर खुशाल ‘सुदैवाने’ म्हणावं, ढगांना कुणी नोटीस बजावत नाही. पण ज्वालाग्राही माल भरलेल्या, परवानगीशिवाय चालणाऱ्या शेडमध्ये काल आग लागली नाही, याला सुदैव कसं म्हणायचं? आगीत बाहेर पडायची वाट हवी, असं तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ३८ सांगत होतं. पण जो कारखाना सरकारदरबारी नोंदलेलाच नाही, तिथे हे कलम बघायला जाणार कोण?

त्याआधी ७ जून २०२१ला मुळशीतल्या उरवड्याला रासायनिक कारखान्याच्या आगीत १७ जण गेले, त्यात १५ बायका. हे कसलं दैव, जे पॅकिंगच्या कामावरच्या बायकांनाच नेमकं हुडकून काढतं?

घरातही तेच. ‘नशिबाने नवरा हात उचलत नाही’, असं आपल्याच बैठकीत बायका सहज बोलून जातात. न मारणं ही लॉटरी झाली! खरं तर ‘नशीब’ हा शब्द अरबीतून आला, मूळ अर्थ हिस्सा, वाटा. वाटा म्हटला की तो कुणी केला, हे विचारता येतं. दैवाला विचारता येत नाही.

म्हणून आपल्या पत्रकांतून आणि अहवालांतून हा शब्द काढावा, असं मी सुचवते. बायका वाचल्या तर कशाने वाचल्या ते लिहा : मागचं दार उघडं होतं, बंब वेळेत पोचला. आणि ते दार कुलूपबंद असलं, तर किल्ली कुणाकडे होती तेही.