दुवा निखळला तर साखळी कसली?

हिंगणघाटात ३ फेब्रुवारी २०२० रोजी एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला आणि बरोबर दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. पण जो खून बंद दाराआड किंवा आडरानात होतो, तिथे पाहणारा कोणी नसतो. न्यायाधीशांपुढे येतात ते तुकडे: शेवटचे सोबत कोण दिसले, हत्यार कुठून काढून दिले, भांडण कशावरून होते. हे तुकडे जोडण्याची कसोटी आपल्याच भागातून आली आहे. वर्धा-नागपूर मध्य प्रदेशात असताना, सिवनीच्या दारू कारखान्याच्या ठेक्यात बनावट कागद केल्याचा खटला अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर नागपुरात चालला. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये सोडले. प्रत्येक दुवा आधी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा आणि साऱ्यांतून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा अर्थ निघू नये, असे त्या निकालाने सांगितले. त्याहून मोलाचा वाटतो तो त्यात उद्धृत केलेला, १८३८च्या एका इंग्लिश खटल्यातला इशारा: तुकडे एकमेकांत बसवताना मनाला सुख होते आणि न बसणारा तुकडा ते थोडा ताणून बसवते. म्हणजे न्यायाधीशाला पुराव्याइतकाच स्वतःच्या मनावरही संशय घ्यावा लागतो.

यावर लोक विचारतात, मग घरात बायकोला मारणारा सुटायचाच का? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन खटल्यात ठरवले, की घरातल्या अशा मृत्यूचा खुलासा घरातल्यांनीच द्यावा. मौन किंवा खोटा खुलासा हा साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. आणखी एक, हा शब्द इथे महत्त्वाचा. बाकीची साखळी सरकार पक्षाने आधी उभी केलेली असली पाहिजे. आरोपीच्या खोटेपणाने निखळलेला दुवा भरून निघत नाही, हे १९८४ मध्ये पुण्याच्या सारडा खटल्यात स्पष्ट झाले होते. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला. दोन न्यायालयांना पूर्ण दिसलेली साखळी तिसऱ्याला तुटलेली दिसली, आणि मधल्या काळात एक माणूस फाशीच्या छायेत होता. सुटकेचा संताप मला समजतो, पण तो न्यायाधीशावर काढण्याआधी पंचनामा कोणी व कधी लिहिला, जप्त मुद्देमाल त्याच दिवशी सील झाला का आणि तपासणीला किती दिवसांनी गेला, हे विचारायला हवे.