बीअर मुरते, अल्कोहोल मुरत नाही

‘डॉक्टर, मी दारू घेत नाही, फक्त बीअर घेतो,’ हे वाक्य दवाखान्यात मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावे लागते. हल्ली त्यात नवी भर पडली आहे. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी नोकरीला असलेली मुले सुट्टीत घरी येताना काळ्याभोर, दाट आणि अतिशय कडक बीअरच्या बाटल्या आणतात आणि वडीलधाऱ्यांना सांगतात, ‘ही साधी बीअर नव्हे. ही ठेवून मुरवायची असते. जितकी जुनी तितकी चांगली.’ या बीअरला स्टाउट म्हणतात. मुरलेली म्हणजे सौम्य, काळी म्हणजे रक्तवर्धक आणि बीअर म्हणजे मुतखड्यावर औषध, असे तीन समज मग एकाच बाटलीत भरले जातात. या तिन्ही समजांचा समाचार घ्यावा, म्हणून आजचा लेख.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सातूला मोड आणून, ते वाळवून माल्ट तयार करतात. स्टाउटसाठी त्यातला काही भाग कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजतात. इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर याने १८१७ साली माल्ट भाजण्याच्या पिंपाचे पेटंट घेतले आणि हा काळा रंग स्वस्तात मिळू लागला. म्हणजे रंग येतो तो भाजण्यामुळे, लोहामुळे नव्हे.

कडक स्टाउटचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. लंडनच्या सदर्क भागात थ्रेल यांचा बीअरचा कारखाना होता. थ्रेल वारल्यावर १७८१ साली तो विकला गेला. त्या व्यवहारात कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून हजर होते. पुढे हा कारखाना बार्कले-पर्किन्स या नावाने प्रसिद्ध झाला. येथील जास्त कडक काळी बीअर रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिन यांच्या दरबारी जाई. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या १७९६ च्या रोजनिशीत या बीअरचा उल्लेख असून ती सात वर्षे टिकते, असे त्यांना सांगण्यात आले होते. म्हणून अशा बीअरला आजही ‘इंपीरियल स्टाउट’ म्हणतात. करेज कंपनीने ही परंपरा १९९३ पर्यंत चालवली. तिच्या स्टाउटमध्ये सुमारे १० टक्के अल्कोहोल असे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून अशी बीअर बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने ठेवण्याची पद्धत रुजली. तिथे १२ ते १४ टक्के ही नेहमीची गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या एका कंपनीने तर २००९ साली इंपीरियल स्टाउट गोठवून, त्यातला पाण्याचा बर्फ काढून टाकून ३२ टक्क्यांची बीअर विकली. नाव बीअर, काम व्हिस्कीचे!

आता मुरण्याविषयी. बाटलीत किंचित हवा असते. ती हळूहळू बीअरशी संयोग पावते. हॉप्स या वनस्पतीमुळे आलेला कडूपणा वर्षागणिक उतरतो. भाजलेल्या माल्टचा जळका उग्रपणा कमी होतो आणि खजूर, मनुका, काकवी यांची आठवण देणारी चव येते. प्रमाणाबाहेर ठेवली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो किंवा तळाशी बसलेले यीस्ट मरून सोया सॉससारखी चव उतरते. त्यामुळे ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे स्टाउटबाबतही सरसकट खरे नाही. आपल्या दुकानात मिळणाऱ्या साध्या, पिवळ्या बीअरबाबत तर ते साफ खोटे आहे. ती ताजीच चांगली. ठेवून ती फक्त बेचव होते.

शिवाय मुरवण्यासाठी १० ते १३ अंशांची थंड, अंधारी जागा लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. आत यीस्ट जिवंत असेल आणि साखर उरली असेल तर वायूचा दाब वाढून बाटली फुटूही शकते. काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर सात वर्षांची हौस एका क्षणात महागात पडेल.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. कैरीचे लोणचे मुरले की त्याचा खारटपणा जिभेला बोचत नाही. म्हणून त्यातले मीठ कुठे गेलेले नसते. रक्तदाबाच्या रुग्णाला ते पहिल्या दिवशी जितके वर्ज्य, तितकेच वर्षानंतर. कडक बीअरचेही तसेच आहे. मुरल्यावर घशाला लागणारी जळजळ कमी होते, गोडसर गुळगुळीतपणा वाढतो, परंतु बंद बाटलीतले अल्कोहोल जवळजवळ तेवढेच राहते. जिभेने द्यावयाचा इशारा तेवढा नाहीसा होतो. म्हणून मुरलेली स्टाउट ही सौम्य नसून उलट जास्त फसवी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडे गणित करू. बीअर किती मिलिलिटर आहे त्याला टक्क्यांनी गुणावे आणि शंभराने भागावे, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती ते कळते. त्याला ०.८ ने गुणले की ग्रॅम मिळतात. आपल्याकडे व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल जाते. ३३० मिलिलिटरच्या, १२ टक्क्यांच्या छोट्या स्टाउटमध्ये सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे दीड मोठा पेग. आणि आपल्या बाजारातली ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’, ६५० मिलिलिटरची बाटली? सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे दोन मोठे पेग! ‘फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकामी करू शकते. त्या एका बाटलीला चार ते सहा तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. गाडी चालवणाऱ्यांसाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, हेही ध्यानात असावे.

गंमत अशी की, या कडक स्टाउटचे खरे दर्दी आपल्यापेक्षा शहाणपणाने वागतात. एक बाटली चार-पाच जणांत वाटतात. प्रत्येकाच्या वाट्याला लहान पेल्यात ६० ते ८० मिलिलिटर येते. ती फार गार पीत नाहीत, कारण गारठ्याने चव दबते. वास घेतात, घोट तोंडात घोळवतात, मधे पाणी पितात, सोबत खातात आणि वहीत टिपण करतात. तासाभरात जाते ते ६-७ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे बाटली फोडली की संपवलीच पाहिजे, तीही उपाशीपोटी आणि घाईने, हा जो शिरस्ता आहे तो बीअरपेक्षा जास्त घातक आहे. परदेशातून बाटली आणताना ही रीतही आणली असती तर बरे झाले असते.

आता औषधी गुणांचे पाहू. ‘गिनेस प्रकृतीला चांगली’ अशा अर्थाची जाहिरात ब्रिटनमध्ये १९२९ पासून झळकली आणि काळ्या बीअरने रक्त वाढते हा समज जगभर पसरला. प्रत्यक्षात तिच्या मोठ्या पेल्यात एक मिलिग्रॅमदेखील लोह नसते. स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. अळीव, पालेभाज्या, बाजरी, सोबत लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हाच मार्ग. दुधातली साखर घातलेली ‘मिल्क स्टाउट’ तिकडे बाळंतिणींना देत, जशी आपल्याकडे काही घरांत ब्रँडी देतात. अल्कोहोल अंगावरच्या दुधात उतरते, दूध बाहेर येण्याची क्रिया मंदावते आणि बाळ दूध कमी पिते. बाळंतिणीला यातले काहीही देऊ नये.

मुतखड्याचे तर विचारूच नका. बीअरने लघवी जास्त होते एवढेच खरे. अडकलेला खडा त्याने विरघळत नाही. उलट अडथळ्यामागे लघवी तुंबून कळा वाढू शकतात आणि नंतर शरीरातले पाणी कमी होते. बीअरमुळे युरिक ॲसिडही वाढते. त्याने सांधे सुजतात आणि त्याच आम्लाचे खडेही होतात. बीअर पिऊन खडा पडण्याची वाट पाहत बसलेले, ताप-थंडी भरल्यावरच दवाखान्यात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. खडा असताना ताप येणे ही तातडीची बाब आहे. त्यात मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अशा वेळी बाटली नव्हे, रिक्षा गाठावी.

गर्भवती, यकृताचे व आम्लपित्ताचे रुग्ण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे यांनी या वाटेला जाऊच नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी घेतली तर मध्यरात्री साखर एकदम उतरते आणि घरच्यांना वाटते, नशेत झोपला आहे. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असताना घेऊ नये. ज्याला रोज प्यायची सवय आहे त्याने मात्र हा लेख वाचून एका दिवसात तोडू नये. हातापायांना कंप, भ्रम, फिट येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. ती नक्की सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे की, आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचे कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही. तेव्हा जे घेत नाहीत त्यांनी प्रकृतीच्या नावाखाली सुरुवात करू नये. जे घेतात त्यांनी चव ही चव म्हणूनच घ्यावी, औषध म्हणून नव्हे. आणि बाटलीवर वर्ष कोणते आहे हे पाहण्याआधी टक्के किती आहेत ते पाहावेत.