रीळ कोणी घडवले, ते लिहा

संग्रहालयाच्या काचेमागे मासेमारीची जुनी साधने ठेवायची आणि खाली ‘स्थानिक कारागीर’ एवढे दोन शब्द लिहून मोकळे व्हायचे, याचा मला संताप येतो. स्थानिक म्हणजे कुठला? कळंबचा, राळेगावचा, की वर्धा नदीपलीकडचा? कारागीर म्हणजे सुतार, लोहार, खाती, की घरी बसून जाळे विणणारी भोयाघरची बाई? कोणी विचारलेच नाही. आपण विचारले नाही म्हणून ज्याचे नाव कळले नाही, त्याला ‘अज्ञात’ म्हणणे ही अप्रामाणिक नोंद आहे.

याउलट इंग्लंडचे पाहा. तिथे उत्तरेला ॲल्निक नावाचे छोटे गाव आहे. तिथे 1872 साली हार्डी बंधूंनी धंदा सुरू केला आणि 1891 पासून त्यांचे ‘परफेक्ट’ नावाचे मासेमारीचे रीळ बाजारात आले. हार्डींच्या अनेक जुन्या रिळांच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, ते रीळ जुळवणाऱ्या कामगाराची आद्याक्षरे ठोकलेली असतात. हा मालक नव्हे, पेटंटवाला नव्हे, पगारावरचा माणूस. तरी तिकडच्या हौशी लोकांनी रिळे उघडली, अक्षरे जुळवली आणि कुठले रीळ कोणाच्या हातचे ते शोधून काढले. अमेरिकेत केंटकीमधल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःपुरती आणि मित्रांपुरती रिळे केली. दोनशे वर्षांनंतरही त्याचे नाव घेतले जाते. स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट 1905 साली घेणारा इलिंगवर्थ ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातला. गिरणीतल्या बॉबिनवरून टोकाकडून सुटणारा धागा त्याने पाहिला आणि तीच युक्ती पाण्याकाठी आणली. आम्ही कापूस पिकवणारी माणसे. यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट चटकन कळावी.

आणि आपल्याकडे? हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या साहेबाने 1873 साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या जुन्या प्रती लोक जपून ठेवतात. एखाद्या साहेबाचे रीळ मुंबईच्या जुन्या बाजारात आले तर शिक्का पाहून भाव ठरतो. शिक्का नसला की तेच पितळ मोडीच्या तराजूत जाते. घडणीकडे कोणी पाहत नाही. विकणारा नाही, घेणारा नाही, आणि पाहणे हेच ज्याचे काम तो अभ्यासकही नाही.

कळंबात एका भोयाच्या घरी मी एक रीळ पाहिले आहे. बाभळीचे, वीतभर व्यासाचे. आस सायकलच्या चाकाचा. एका बाजूच्या कडेला बारीक खाचा पाडलेल्या, आणि त्या खाचांवर दाबून बसेल अशी छत्रीची काडी ठोकलेली. मासा दोरा ओढू लागला की काडी खाचांवरून कडकड वाजते, आणि दोरा सैल सुटून गुंतत नाही. हार्डीच्या रिळात हेच काम पोलादी दात करतो. छत्रीची काडी किती वाकवली म्हणजे वाजेल पण तुटणार नाही, हे ज्याला कळत होते त्याला यंत्र कळत होते. काठीला बांधायच्या पट्टीवर पटाशीच्या खुणा अजून दिसतात. काठ मात्र कानशीने इतके गोल केले आहेत की तंगूस कुठे कापला जाऊ नये.

हे कोणी केले, म्हणून विचारले. घरातले म्हातारे बाबाजी म्हणाले, “आमच्या आज्यानं नाही केलं जी. खात्याकडून करून घेतलं. पैसे नाही देल्ले, ज्वारी देल्ली.” खात्याचे नाव? लगेच सांगितले. बापाचे नाव, भट्टी कुठे होती ती जागा, तो बैलगाड्यांची चाके कशी बसवायचा, सगळे सांगितले. ते माझ्या वहीत आहे. त्या खात्याच्या घरच्यांची संमती मिळाली की छापीन. ज्याचे नाव विचारताक्षणी मिळते, तो माणूस अज्ञात कसा?

यावर ठरलेले उत्तर येते: आपल्या परंपरेत कारागीर नाव मिरवत नसे, कला समूहाची असे. हे थोतांड आहे. ज्या समाजात लग्नाच्या आहेरातल्या ताटावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून घेतात, त्याला नाव टिकवायची सवय नाही असे कोणी सांगू नये. देणाऱ्याचे नाव कोरले, ताट घडवणाऱ्या तांबटाचे नाही. प्रश्न परंपरेचा नाही, कोणाला मोजायचे याचा आहे. शकुंतला रेल्वेचे जुने वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झाले, हे आमच्या जिल्ह्यात पोरांनाही माहीत असते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903चा, हे शाळेत शिकवतात आणि शिकवावेच. ज्यांच्याजवळ कारखाना, मासिक आणि छापखाना होता, त्यांची नोंद राहिली. ज्याच्याजवळ फक्त भट्टी होती, त्याची नोंद करण्याची जबाबदारी आपली होती.

दुसरे उत्तर असे की कागदच नाहीत. हेही खोटे. 2023 साली मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. कोतवाल बुके, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, मोडीतले कागद, सगळे बाहेर निघाले. भोई, ढिवर, कहार यांची पोरे जातीच्या दाखल्यासाठी 1961च्या आधीचा पुरावा शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवतात तीही याच कागदांसाठी. आजोबाच्या नोंदीत बापाचे नाव, गाव, जात आणि कित्येकदा धंदाही असतो. वाण्यांच्या जुन्या वह्यांत तर सूत, शिसे, लोखंडी तार कोणाच्या नावावर उधार गेली ते ओळीओळीने लिहिलेले असते. जाळ्याला लावायचे शिसे कोणी घेतले हे कळले, की जाळे कोणी केले हे शोधायला किती वेळ लागतो? आरक्षणासाठी ही दप्तरे वाचता येतात, तर कारागिरीसाठीही येतात. वाचण्याची इच्छा नाही, एवढेच.

मी एका विद्यापीठाच्या विभागाला हा विषय सुचवला. उत्पादनाची आकडेवारी नसल्याने प्रबंधाला जमणार नाही, असे त्यांनी कळवले. म्हणजे धरणातून किती किलो मासोळी निघाली हा अभ्यास, आणि ती ज्या हत्याराने निघाली ते करणारा माणूस अभ्यासाबाहेर. हडप्पाकालीन तांब्याच्या गळाचे वजन, लांबी, धातूचे प्रमाण सगळे तपासले जाते, आणि तपासायलाच हवे. पण चाळीस वर्षांपूर्वी सायकलच्या तारेपासून गळ वाकवणारा माणूस चक्रावती नदीच्या काठी अजून बसलेला असतो. त्याच्याकडे फूटपट्टी घेऊन कोणी जात नाही. तो मेला की मग त्याच्या गळाचे संशोधन होणार, आणि तेव्हा कोष्टकात ‘कर्ता: अज्ञात’ असे लिहिणार.

दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तू जमवल्या. हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. एका माणसाने आपल्या हयातीत केलेले हे काम आहे. ते पाहिल्यावर प्रत्येक जिल्ह्यात पगारी माणसे असूनही आपण साधी नावे का गोळा करू शकत नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

बेंबळेच्या धरणावर आता कारखान्यातले नायलॉनचे जाळे आणि दुकानातले तयार रीळ आले आहे. वापरणाऱ्याला मी दोष देत नाही. हलके असते, टिकते, मासा सापडतो. पण जुने बाभळीचे रीळ चुलीत जाण्याआधी त्याचा फोटो काढा, माप घ्या, कडेच्या खाचा मोजा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः जाळे विणणाऱ्या आजीला, पहिला प्रश्न एवढाच विचारा की हे कोणी केलं. तिने सांगितलेले नाव जसेच्या तसे, बापाच्या नावासकट, गावासकट लिहा. ‘स्थानिक कारागीर’ लिहिलेली पाटी काढून तिथे ते नाव लावा.