लिथियमची गोळी चालू आहे, थायरॉईडची तपासणी कधी झाली?



केळझरहून मानसोपचारासाठी वर्धा किंवा नागपूर गाठायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. एवढे करून गोळी हातात पडली की घरच्यांना वाटते, उपचार झाला. पण गोळी म्हणजे अर्धाच उपचार.

बायपोलर आजारात मन कधी अति उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाते. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी अति उत्साहाच्या अवस्थेवर लिथियमचा गुण दाखवला. आजही हे औषध मोलाचे आहे. ते आत्महत्येचा धोका कमी करते. मात्र काही रुग्णांचा, त्यातही स्त्रियांचा जास्त, थायरॉईड त्याने मंदावतो. मग थकवा, सुस्ती, वजनवाढ, बद्धकोष्ठता, उदासी सुरू होते. घरचे म्हणतात, "आळशी झाली." शेजारी म्हणतात, "बाहेरचं आहे, मांत्रिकाला दाखवा."

मांत्रिक नको, रक्ततपासणी हवी. लिथियम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच तपासावे. सोबत रक्तातील लिथियमचे प्रमाण आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. थायरॉईड मंदावला तर थायरॉक्सिनची गोळी देता येते. त्यासाठी लिथियम बंद करावेच लागते असे नाही. स्वतःच्या मनाने तर कधीच बंद करू नका; एकदम थांबवल्यास आजार उलटतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा खाजगी आजार आहे, चळवळीचा प्रश्न नाही. का नाही? पैसेवाला खाजगी लॅबमध्ये तपासून घेतो; शेतमजूर बाईच्या वाट्याला "आळशी" हा शिक्का येतो. ही विषमताच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार परवडणारी, दर्जेदार मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. शासनाच्या आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत द्यावीत, असेही हेच कलम सांगते. तपासणीशिवाय औषध, याला दर्जेदार सेवा कोण म्हणेल?

म्हणून विहारातील रविवारच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणा रुग्णाचे नाव जाहीर न करता ग्रामसभेत ठराव मांडा : रक्ताचा नमुना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच घ्यावा, अहवाल तिथेच मिळावा. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले. हा हक्कही मागूनच मिळेल.

जय भीम!