परगांवचा वकील

गेल्या महिन्यांत मांजरींतील आमच्या शेजारच्या एक वहिनी लखोटा घेऊन आल्या. पतीच्या पश्चात् त्यांच्या वांट्यास येणारी जमीन बेळगांव जिल्ह्यांत आहे. स्थावराचा दावा तें जेथें असेल तेथल्याच न्यायालयांत चालतो. म्हणून वांटणीचा दावाही तिकडेच. तेथील वकिलांनीं वकीलपत्र पाठविलें होतें, आणि धाकट्या दिरांनीं सोबत मुखत्यारपत्राचा मसुदा. "गुरुजी, सही कोठें करूं, तेवढें सांगा," वहिनी म्हणाल्या.

सही कोठें, यापेक्षां सही कशावर, हा प्रश्न मोठा आहे. वकिलाला आपल्या वतीनें काम चालविण्यास पक्षकाराच्या सहीचा लेखी अधिकार लागतो, असें १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, तें वकीलपत्र. मुखत्यारपत्रानें मात्र दुसरा माणूस आपल्या जागीं उभा राहतो. तो वकील नेमूं शकतो आणि मजकुरांत तसें असल्यास जमीनही विकूं शकतो.

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ सालीं पदच्युत झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन सुमारें चौदा वर्षें त्यांची बाजू मांडीत राहिले. १८४७ सालीं महाराज काशीस निवर्तले, १८४८ सालीं राज्य खालसा झालें, तरी त्यांनीं लंडन सोडलें नाहीं. यश मात्र आलें नाहीं. असा वकील लाभणें हें भाग्य! आजच्या कायद्यानें पक्षकाराच्या मृत्यूबरोबर वकीलपत्रही संपतें.

यज्ञांत व्रीही न मिळाल्यास नीवार चालतील, पण यजमानाला प्रतिनिधी नाहीं, असें मीमांसक म्हणतात. जें पक्षकाराला स्वतःलाच ठाऊक, त्याची साक्ष मुखत्यार देऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २००४ सालीं जानकी भोजवानी खटल्यांत ठरविलें. तेव्हां साक्षीला वहिनींनींच जावयास हवें.

आमची स्वतःची गोष्ट सांगावयास लाज वाटते. कोंकणांतील आमराईच्या दाव्यांत, खेप वांचावी म्हणून, आम्हीं छापील वकीलपत्रावर न वाचतां सही केली होती. तींत तडजोडीचा अधिकार होता. तडजोड झाल्याचें पत्र आलें, तेव्हां आमराई गेलेली होती. वाचल्यावांचून लिहूं नका, असें जन्मभर मुलांना बजावणाऱ्यानें ही चूक केली!

म्हणून वहिनींच्या वकीलपत्रांत "तडजोड पक्षकाराच्या लेखी संमतीनेंच" असे शब्द घातले. मुखत्यारपत्र त्या एका दाव्यापुरतें ठेवून विक्रीचें कलम गाळलें. त्यांचा मुलगा अमेरिकेंत आहे. त्यानें आपलें मुखत्यारपत्र तेथील नोटरीपुढें किंवा आपल्या वकिलातींत करावें आणि तें भारतांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक भरावा, असें कळविलें.

दिरांना हें रुचलें नाहीं, असें ऐकतों. वहिनींनीं मात्र शेवटची ओळ वाचून होईपर्यंत लेखणी हातीं घेतली नाहीं. सही कोठें करावयाची, तें त्यांना सांगावें लागलें नाहीं.