गृहरक्षणाचा डोळा

कॅमेरे किती बसवावेत, असें वाचक आम्हांस विचारितात. चित्रण किती दिवस टिकेल, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. सेकंदास २ मेगाबिट या वेगानें अखंड चित्रण केल्यास एका कॅमेऱ्याचे दिवसास २१.६ गिगाबाइट होतात. चार कॅमेऱ्यांनीं १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते व जुनें चित्रण पुसूं लागतें. महिनाभर यात्रेस जाणाऱ्या कुटुंबास पहिल्या आठवड्यांतील चोरीचा मागमूसही लागणार नाहीं. त्यानें ४ टेराबाइटची डिस्क घ्यावी. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड प्रथम बदलावा. कॅमेरा दारावर व जिन्यावर रोखावा. माजघरांत तो बसविला, तर सूनबाईंस स्वतःच्या घरीं मोकळेपणानें बसतां येणार नाहीं. तें रक्षण नव्हे, पाळत होय.