आधी ऐकू येतं का पाहा, मग स्कॅन

बाळ जन्मलं की नाक कुणाचं, कान कुणाचे, याची चर्चा सुरू होते. पण दहा-वीस हजारांत एखाद्या बाळाचा कान लहानशा गाठीसारखा असतो आणि कानाला भोकच नसतं. मग घरात ग्रहणाची आठवण निघते आणि सुनेला बोल लागतो. वाचकहो, आधी हा बोल थांबवा. गर्भात बाहेरचा आणि मधला कान अर्धवट घडल्याने असं होतं. ग्रहणात विळी हातात धरल्याने नव्हे.

दुसरी घाई असते सीटी स्कॅनची. तान्ह्या बाळाला पहिली गरज असते ती ‘बेरा’ या श्रवणचाचणीची. आतला कान वेगळा घडतो, म्हणून तो बहुधा चांगला असतो. दोन्ही कान बंद असतील, तर हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मऊ पट्ट्याने डोक्याला लावतात, तेही पहिल्या काही महिन्यांतच. एकच कान बंद असेल, तर दुसरा नियमित तपासून घ्यावा. आजीची अंगाई आणि अज्जीचं जोगुळ, दोन्ही बाळाच्या कानी पडायला हवीत. भाषा ऑपरेशनसाठी थांबत नाही.

स्कॅन लागतो तो ऑपरेशन ठरवताना, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी. मध्यकर्णात बसवायच्या एका यंत्राचा कंप पावणारा भाग जेमतेम २.३ मिलिमीटर लांब असतो. तो कानातल्या हाडाला जोडायचा की आतल्या कानाच्या गोल खिडकीपाशी ठेवायचा, हे स्कॅन पाहून ठरतं. रिकिबीच्या आकाराचं हाड आहे का, खिडक्या उघड्या आहेत का, मध्यकर्णात हवेची जागा किती, हे डॉक्टर पाहतात. चेहऱ्याची नस कुठून जाते, हेही तितकंच महत्त्वाचं. अशा कानात ती अनेकदा वाट सोडून जाते आणि तिला इजा झाली तर तोंड वाकडं होतं.

१९९२ साली अमेरिकेतील डॉ. जार्सडोर्फर आणि सहकाऱ्यांनी यासाठी १० गुणांची पद्धत मांडली. रिकिबीच्या हाडाला त्यात २ गुण. ही पद्धत मूळची कानाची वाट उघडण्याच्या ऑपरेशनसाठी. तिथे गुण कमी पडले म्हणून यंत्राचा मार्ग बंद होत नाही.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: आतला कान चांगला आहे का? नस कुठून जाते? ऑपरेशनपर्यंत मूल कशाने ऐकेल? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय घरी परतू नका.